बाहेरचं दूध

मत्तन्या दारात उभा राहिला तेव्हा शफीराने त्याला ओळखलंच नाही. नऊ वर्षांपूर्वी क्षार समुद्राकाठी पांढरे कपडे घालून व्रतस्थ राहणाऱ्या पांढरेवाल्यांच्या वस्तीत गेलेला तिचा धाकटा भाऊ चांगला अंगापिंडाने भरलेला होता. हा तर नुसता हाडांचा सापळा. घरात पाऊल टाकेना. मागच्या भिंतीच्या सावलीत बसला तो बसलाच, आणि पुढे ठेवलेल्या भाकरीवरून त्याने मान फिरवली.

"संघाने काढलं मला," तो म्हणाला. "पण शपथ काही सुटत नाही, अक्का. त्यांच्या पंगतीतलं सोडून बाहेरचं अन्न मला चालत नाही."

"मग त्यांच्याकडचं खा."

"ते देणार नाहीत."

"मग खाणार काय तू?"

त्याने भिंतीच्या बुडाशी उगवलेल्या तणाकडे बोट दाखवलं. शफीराला वाटलं थट्टा करतोय, लहानपणी करायचा तशी. दुपारी पाहते तर खरोखरच तो गवत चावत बसला होता.

काढलं कशासाठी ते ऐकून तिच्या नवऱ्याने, एल्याकीमने, कपाळावर हात मारला. शब्बाथाच्या, म्हणजे कसलंही काम न करण्याच्या पवित्र दिवशी वस्तीबाहेरच्या पाण्याच्या टाक्यात एका धनगराची पोरगी पडली. पांढरेवाल्यांचा नियम असा, की शब्बाथाला कुणी पाण्यात पडलं तर अंगावरचा कपडा त्याच्याकडे टाकावा; दोर नाही, शिडी नाही. मत्तन्याचा अंगरखा हातभर कमी पडला. त्याने दोर आणला, पोरगी काढली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. पोरगी पळत बापाकडे गेलीसुद्धा. आणि हा शहाणा संध्याकाळी भर पंगतीत उभा राहून स्वतःच सगळं सांगून मोकळा झाला.

"आमच्या परूशी पंथाच्या गुरुजींना विचार," एल्याकीम म्हणाला. "जीव वाचवायला शब्बाथ मोडला तर पाप नाही. देवळातले सदूकी पुजारी म्हणतात, मेल्यावर काहीच नाही. आम्ही म्हणतो, मेलेले उठतील. तुझ्या भावाची ही मंडळी मात्र जिवंतपणीच मरून बसलीत."

"हळू बोला. ऐकेल तो."

"ऐकू दे की. रोमी लोक निदान खांबावर खिळे तरी ठोकतात. दोन दिवसांत सुटतो माणूस."

यरीहोच्या वाटेवर रोम्यांनी माणसं खिळलेले खांब शफीराने पाहिले होते, आणि आता तिच्या स्वतःच्या भिंतीला टेकून तिचा भाऊ तसाच हळूहळू संपत होता. खिळे नव्हते, एवढाच काय तो फरक.

पाचव्या दिवसापासून पांढरेवाल्यांचा कारभारी येऊ लागला. हिल्किया त्याचं नाव. म्हातारा, शुभ्र कपड्यातला, पायाला धूळसुद्धा न लागलेला. रोज ऊन कललं की यायचा, दहा पावलांवर उभा राहायचा, मत्तन्याकडे बघायचा आणि निघून जायचा.

सातव्या दिवशी मत्तन्या आडवा झाला तो उठेना. गवतही संपलं होतं. आठव्या दिवशी पहाटे शफीराने शेळी पिळली, लोकरीचा बोळा दुधात भिजवला आणि त्याच्या ओठांत थेंब थेंब सोडला. डोळे मिटलेले, अंग लाकूड. पण घसा हलला. देवा, त्याला शुद्ध नाही, पाप माझ्या माथी, असं म्हणत तिने वाटी रिकामी केली. नवव्या दिवशी तेच. दहाव्या दिवशी तेच.

दहाव्या दिवशी दुपारी हिल्किया वळला तशी ती त्याच्या वाटेत आडवी गेली.

"बाबा, रोज काय बघता? मेला का ते?"

म्हातारा दोन पावलं मागे सरला. बाईची सावलीही त्याला नको होती. पण आवाज मऊ निघाला.

"बाई, तो मरावा असं कुणाला वाटेल? मरणाच्या दाराशी पोचला की आम्ही उचलून नेतो. तेवढ्याने शिक्षा पुरी होते. मग पुन्हा पंगतीत बसतो माणूस. पुष्कळांना नेलंय असं."

"मग न्या की. अजून किती मरायचं राहिलंय?"

"अजून तो माशी उडवतोय," हिल्किया म्हणाला आणि चालू लागला.

शफीराने मागे वळून पाहिलं. मत्तन्याच्या गालावर माशी बसली होती. त्याचा हात सावकाश वर आला, हलला, खाली पडला. तो हात कशाच्या जोरावर हलतोय हे तिला कळलं. दूध द्यावं तर म्हातारा नेणार नाही, आणि असा नुसत्या थेंबभर दुधावर किती दिवस टिकेल? न द्यावं तर म्हातारा येण्याआधीच श्वास थांबेल. इकडे आड, तिकडे विहीर.

अकराव्या पहाटे तिने शेळी पिळली आणि दूध घरातच ठेवलं. दाराआड उभी राहून ती मत्तन्याचे श्वास मोजत राहिली. वर, खाली. मध्ये जरा उशीर झाला की हिचाच श्वास अडकायचा. दुपारी म्हातारा आला, माशी उडाली, म्हातारा गेला. बाराव्या दिवशी हात अर्ध्यातच पडला, तरी म्हातारा गेला. त्या रात्री एल्याकीम स्वतः वाटी घेऊन उठला तर तिने ती त्याच्या हातून काढून घेतली.

"तू मारतेयस त्याला," तो म्हणाला.

तेराव्या दिवशी माशी ओठांवर बसली आणि बसूनच राहिली. हिल्किया दहा पावलांवरून पुढे आला. त्याच्या मागे दोन तरणे पांढरेवाले होते, त्यांच्या खांद्यावर बाज. म्हाताऱ्याने मत्तन्याच्या नाकाशी बोट धरलं, मान डोलावली. दोघांनी त्याला बाजेवर ठेवलं.

"बाई, एकच विचारायचं. बाहेरचं काही पोटात गेलंय याच्या?"

"नाही," शफीरा म्हणाली.

बाज उचलली गेली. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला, कोरडा, पण स्पष्ट.

"दूध पाजलंय तिने. तीन दिवस."

हिल्कियाचा चेहरा पडला. तो बाजेवर वाकला, आणि त्या म्हाताऱ्याने जे केलं ते तिने पुढे कधी नाकारलं नाही: त्याने मत्तन्याला पळवाट काढून दिली.

"तुला शुद्ध नव्हती, बाळा. शुद्ध नसलेल्याला दोष लागत नाही. नव्हती ना शुद्ध?"

"होती," मत्तन्या म्हणाला. "रोज पहाटे जागा असायचो. तिची वाट बघायचो."

मग हिल्कियाने खूण केली. बाज खाली आली. मत्तन्याला पुन्हा भिंतीपाशी ठेवून दोघं तरणे निघाले. म्हातारा शेवटी गेला, डोळे पुसत, मागे न बघता.

शफीरा धाडकन भावाशेजारी बसली.

"मेल्या, जरा गप्प बसता आलं नाही तुला? नेत होते ना ते. नेत होते तुला."

मत्तन्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. ओठ पुन्हा हलले, पण आवाज आता फार खोल गेला होता. ती कान लावून वाकली.

"तीन दिवस आली का नाहीस, अक्का?"

ती उठली आणि वाटी आणायला घरात धावली.