मागच्या सीटवरची शाळा

मित्रांनो, मला बघून नाक मुरडण्याआधी माझं ऐकून घ्या. मी या शोरूममधली सगळ्यात जुनी मोटारसायकल आहे, आणि सगळ्यात जास्त माणसांनी चालवलेलीही मीच. काचेपलीकडे ज्या कोऱ्या करकरीत गाड्या ओळीनं उभ्या आहेत ना, त्यांनी अजून रस्त्याचं तोंड पाहिलेलं नाही. त्या नुसत्या नटून बसल्या आहेत. मी कामाला आहे. मला डेमो गाडी म्हणतात, म्हणजे विकत घेण्याआधी गिऱ्हाईक जिच्यावर एक चक्कर मारून बघतं ती गाडी.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. कुणी टाकी बसवली, कुणी चाकं बसवली, शेवटी एका माणसानं कान लावून माझं इंजिन ऐकलं आणि समाधानानं मान हलवली. मग ट्रकमधून बहिणींबरोबर इथं आले. बहिणी एकेक करून गिऱ्हाइकांच्या घरी गेल्या. माझ्या टाकीवर मात्र ‘चालवून पाहा’ अशी पट्टी चिकटवून मला दारापाशी उभं केलं. मला फार वाईट वाटलं. वाटलं, माझ्यातच काहीतरी खोट असणार. पुढं कळलं की गोष्ट अगदी उलट होती. खोट असलेली गाडी दारात कोण उभी करील?

हे दुकान मालकीणबाईंच्या वडिलांनी काढलं. त्यांचा एक दंडक होता, तो बाईंनीही चालू ठेवला. गिऱ्हाईक चक्कर मारायला निघालं की विकणाऱ्यानं मागच्या सीटवर बसायचं आणि परत येईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. तेवढा वेळ फक्त गाडीनं बोलायचं. आता सांगा, हे ऐकून मला मूठभर मांस चढणार नाही तर काय? मागे बसलेल्या माणसाला पुष्कळ काही दिसतं. गिऱ्हाईक ब्रेक कसा दाबतं, वळणावर त्याचे खांदे कसे आखडतात, सिग्नलला त्याचे पाय कुठं टेकतात, सगळं कळतं. या दुकानातला प्रत्येक चांगला विक्रेता माझ्या मागच्या सीटवर तयार झालेला आहे. बढाई मारत नाही, खरं तेच सांगते.

मग आमचा जुना विक्रेता थकला आणि आपल्या लेकीकडे राहायला गेला. त्याची जागा रिकामी झाली, आणि घरात वाद सुरू झाला. घरात म्हणजे दुकानातच, कारण बाई आणि त्यांचे दीर मिळून ते चालवतात. बाई त्यांना भाऊजी म्हणतात. भाऊजींचं टेबल माझ्या शेजारीच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

भाऊजी म्हणाले, “वहिनी, मुरलेला माणूस घ्या. तो आला की दुसऱ्या दिवसापासून गाड्या विकतो. नवख्याला शिकवत बसलो तर विक्रीचा हंगाम हातचा जाईल.”

बाई म्हणाल्या, “मुरलेला माणूस आपल्या सवयी सोबत घेऊन येतो, भाऊजी. त्या सोडवायला जास्त वेळ लागतो. नवं माणूस आपल्या पद्धतीनं घडवता येतं.”

“आणि घडवलं की दुसरीकडे जातं.”

“जुनं जात नाही? तुम्ही तर ते दुसऱ्याकडूनच आणायला निघालाय.”

यावर भाऊजींनी चहा मागवला. शेवटी असं ठरलं की दोन्ही माणसं हंगामापुरती घ्यायची आणि हंगाम संपताना त्यातलं एकच कायम करायचं.

भाऊजींनी आणलेल्या गृहस्थांना सगळे वस्ताद म्हणत. शहरातल्या मोठ्या शोरूममध्ये त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. काय त्यांची वाणी! नुसती किंमत विचारायला आलेला माणूस हेल्मेटसकट गाडी घेऊन जायचा. केस नीट बसवलेले, बूट आरशासारखे, आणि कुणाच्या घरी कोण काय करतं हे एकदा ऐकलं की पक्कं लक्षात. मला त्यांचं कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू? फक्त एक गोष्ट खटकायची. ते माझ्या मागच्या सीटवर कधी बसत नसत. चक्करची वेळ आली की त्यांचा गुडघा दुखायचा, नाहीतर महत्त्वाचा फोन यायचा. घरून येताजाताही ते पायीच. म्हणायचे, चालणं तब्येतीला बरं. मोटारसायकली विकणारा माणूस पायी हिंडतो, याचं मला भारी नवल वाटे.

बाईंनी निवडलेली बाई आधी दुचाकीवरून पार्सलं पोचवायची. म्हणून सगळे तिला पार्सलवाली म्हणू लागले, आणि तिनंही ते हसून घेतलं. गाडी अशी चालवायची की मला पाठीवर कुणी हात फिरवल्यासारखं वाटे. पण गिऱ्हाईक समोर आलं की हिच्या तोंडाला कुलूप. “या” म्हणायची आणि पुढचं गिळायची. एकदा तर तिनं गिऱ्हाइकाला खुर्ची दिली, पाणी दिलं, माहितीपत्रक दिलं, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसून राहिली.

दुपारी गर्दी नसली की ती मला पुसायची आणि मनातलं बोलायची. माझ्याशी बोलताना तिला कसली अडचण नव्हती. तिची मुलगी लहान होती. पार्सलांच्या कामात रोज घरी पोचेपर्यंत लेक झोपलेली असायची, सकाळी ही निघायची तेव्हाही झोपलेलीच. “मी तिला झोपेतच मोठी होताना बघितलंय गं,” ती एकदा मला म्हणाली. इथला भरवसा नव्हता म्हणून दुकान मिटल्यावर ती अजूनही पार्सलं पोचवायची; नोकरी कायम झाली तर संध्याकाळी घरी जाता येणार होतं. नाही झाली तर पुन्हा दिवसभर पार्सलं. तिला दुसरं काही नको होतं. ते ऐकल्यापासून मी तिच्या बाजूची झाले, हे उघडच सांगते.

पण हंगाम सरत आला तरी वस्तादांच्या गाड्या भराभर जात होत्या आणि हिच्या मोजक्याच. भाऊजींनी तर वस्तादांसाठी वेगळं टेबल सांगून ठेवलं होतं.

अशात एक दिवस घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. बुटके, शांत, फार मृदू बोलणारे. त्यांच्या मनात माझ्यासारखीच उंच गाडी भरली होती, आणि वस्तादांनी त्यात भर घातली. “साहेब, तुम्हाला ही शोभून दिसेल,” असं म्हणत त्यांनी घड्याळवाल्यांना माझ्यावर बसवलं, आणि गुडघा धरून पार्सलवालीला मागे बसायला सांगितलं.

आम्ही चक्कर मारली. सिग्नलला थांबलो तेव्हा घड्याळवाल्यांचे पाय टेकले, पण नुसते चवडे. तेही मागे हिचं वजन होतं म्हणून. मागे माणूस बसला की मी थोडी खाली दबते. एकटेच बसले असते तर मी वर उचलली गेले असते आणि त्यांचे पाय लोंबकळले असते. मला हे कळलं. हिलाही कळलं, कारण पार्सलांनी लादलेली गाडी आणि रिकामी गाडी यांतला फरक तिनं रोज अनुभवलेला. पण दंडक होता ना, चक्कर संपेपर्यंत बोलायचं नाही. ती गप्प राहिली. परत येतो न येतो तोच वस्तादांनी घड्याळवाल्यांचं अभिनंदन करून सहीसाठी त्यांच्या हातात पेनही दिलं. आता बोलायला हवं होतं. चक्कर संपली होती, दंडकही संपला होता. पण ती तशीच गप्प. तिनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

नवी गाडी न्यायला घड्याळवाले आले तेव्हा अख्खं दुकान दारात होतं. ते एकटेच गाडीवर बसले, दारासमोरच्या उतारावर आले, ब्रेक दाबला, आणि पाय टेकवायला गेले तर खाली जमीनच लागेना. गाडी त्यांच्यासकट आडवी झाली. कोपर खरचटलं, इंडिकेटर फुटला. बायको धावली. ते उठून कपडे झटकत म्हणाले, “माझीच चूक असेल.” त्यांचा चेहरा बघवत नव्हता. इतक्या लोकांसमोर पडल्याची लाज त्या खरचटण्याहून जास्त झोंबत होती.

बाईंनी त्यांना आत नेऊन बसवलं, मलमपट्टी केली, कमी उंचीची गाडी द्यायचं कबूल केलं. मग बाहेर येऊन विचारलं, “चक्करला मागे कोण होतं?”

पार्सलवाली पुढं आली. “मी होते, बाई. त्यांचे पाय पुरत नव्हते ते मला दिसलं होतं. मी बोलले नाही.”

भाऊजी उसळले. “झालं! वहिनी, म्हणून मी सांगत होतो. नवख्याच्या हाती दिलं की असं होतं. आजच काय तो निर्णय करून टाका.”

तिनं मान खाली घातली. मी स्टँडवर उभी होते, मला हलता येत नव्हतं. हिची नोकरी गेली, असंच मी धरून चालले. वस्तादांनी नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढ्यावर ती जागा त्यांची झाली असती.

वस्ताद पुढं झाले. “गिऱ्हाईक माझं होतं,” ते म्हणाले. “मागच्या सीटवर मी असायला हवं होतं. माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. मला गाडीवर बसायची भीती वाटते. तरुणपणी पडलो, तेव्हापासून बसलेलो नाही. मोठ्या शोरूममध्ये कुणी कधी विचारलंच नाही, गाड्या विकल्या जात होत्या ना.”

माणूस पारखताना भाऊजींनी सगळं विचारलं होतं, फक्त हेच नव्हतं विचारलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझी किल्ली काढून पार्सलवालीच्या हातात ठेवली. “तू पुढं बस. वस्ताद मागे बसतील. आज दंडक उलटा. ते गप्प राहतील आणि तू बोलायचंस. ही गाडी त्यांना विकून दाखव.”

वस्ताद माझ्यावर चढले तेव्हा त्यांच्या हाताचा घाम मागच्या कडीला लागला. मी शक्य तितकी सावकाश निघाले. पहिल्या वळणापर्यंत ती मुकीच. मग आरशात तिला त्यांचे घट्ट मिटलेले डोळे दिसले, आणि ती बोलू लागली. “वस्ताद, आता मी डावीकडे वळणार आहे, माझ्याबरोबर थोडे झुका. पुढं खड्डा आहे, मी हळू घेते. मागे सामान असलं की ही गाडी कशी बसते बघा, अजिबात डगमगत नाही. पार्सलांच्या घाईत ही असती तर हिनंच साथ दिली असती मला.” एका माणसाची भीती घालवायची होती ना, म्हणून तिला शब्द मिळाले. विकायचं आहे हे ती विसरूनच गेली. परत येईस्तोवर वस्तादांचे डोळे उघडे होते आणि एक हात कडीवरून सुटला होता.

“काय, वस्ताद?” बाईंनी विचारलं.

“मला गाडी घ्यावीशी वाटली,” ते म्हणाले. “हिला कायम करा.”

बाईंनी तसंच केलं. वस्ताद हंगाम संपेपर्यंत राहिले. ते तिला भाव कसा सांगायचा ते शिकवत, ती त्यांना मागे बसवून फिरवून आणी. आता ते दुसऱ्या गावी मोठ्या पदावर आहेत, आणि ऐकते की तिथं नव्या माणसाला आधी डेमो गाडीच्या मागच्या सीटवर बसवतात. माझी शाळा तिथवर पोचली, मित्रांनो. एवढी ऐट मला शोभते की नाही?

माझी आता साखळी वाजते, सीटचं कव्हर दोनदा बदललं. तुमच्या घरच्या गाडीला वेळेवर तेल घाला, उन्हात टाकून देऊ नका, हे मी सांगतेच. पण नव्या माणसालाही तसंच जपा. त्याला मागे गप्प बसवून विसरू नका. चक्कर संपली की विचारा, “तुला काय दिसलं?”

एक सांगायचं राहिलं. ती कायम झाली त्या संध्याकाळी तिनं माझ्याशेजारी उभं राहून घरी फोन लावला. “झोपू नकोस हं, मी निघालेच,” असं ती लेकीला म्हणाली. फोनमधला आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला.

“आई, अजून तर बाहेर उजेड आहे.”