पाण्याचं तबक

मंत्रिपद सोडून सरकार नाटकात शिरले, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सत्ता, माणूस निवडणुकीत पडलेला नाही, पक्षाने काढलेला नाही, आणि म्हणे नट होणार! पण सरकारांना मरायच्या आधी एकदा तरी दुसरं कुणीतरी व्हायचं होतं. साठीत असलं वेड लागलं की त्याला औषध नसतं.

सुरुवातीला त्यांना राजा केलं, न्यायाधीश केलं. टाळ्या पडायच्या, पण त्या कुणाला पडतात हे न कळायला ते दूधखुळे नव्हते. म्हणून एका तरुण दिग्दर्शिकेकडे जाऊन त्यांनी नोकराची भूमिका मागून घेतली. मरणाला टेकलेल्या मालकाला पाणी नेऊन देणारा म्हातारा नोकर.

पोरगी खमकी. "काका, छाती आत घ्या. पाय घासत चाला. नोकराकडे कुणी बघत नसतं, हे अंगात मुरू द्या," असं चारचौघांत सुनवायची. परक्या माणसाने त्यांना काका म्हणायची ही पहिलीच वेळ, एरवी सगळ्या गावाचे ते सरकारच. तेवढ्यावर ते दिवसभर खूश असायचे. घरीही तबक घेऊन येरझारा चालायच्या.

"जन्म गेला तुमच्याबरोबर, पण तुमच्या हातचं पाणी आज मिळालं," बायको थट्टेने म्हणाली. पेला घेताना मात्र तिचे डोळे भरून आले.

पहिल्या प्रयोगाआधी दिग्दर्शिकेने बजावलं, "पुढे सगळी तुमची माणसं बसलीत, काका. कुणी उठलंच, तरी थांबायचं नाही. आज जमलं तर तुम्ही नट. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

सरकार तबक घेऊन, पाय घासत रंगमंचावर आले. पुढची रांग उठून उभी राहिली. तिचं बघून मागची, मग सगळं नाट्यगृह. मरायला टेकलेला मालकही बिचारा गादीवर अर्धा उठला. त्या नटाच्या वडिलांना सरकारांनीच नोकरीला लावलं होतं. तरी अजून काही बिघडलं नव्हतं. चार पावलं चालायचं आणि पाणी द्यायचं, एवढंच. विंगेतून दिग्दर्शिका हातानेच चला, चला म्हणत होती.

पण सरकारांची पाठ ताठ झाली. तबकावरचा उजवा हात सुटला, आपोआप वर गेला, आणि तोच जुना भारदस्त आवाज नाट्यगृहभर घुमला, "बसा, बसा."

तबक कलंडलं, काचेचा पेला फुटला. लोक आज्ञाधारकपणे बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभच कुठे जळला होता! स्वतःच्याच हाताने त्यांना दगा दिला होता. हे दुःख सांगणार कुणाला?

पडदा पडल्यावर ते काचा वेचायला वाकले, तर चौघे धावत आले आणि वेचू देईनात. मग ते विंगेत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आता पोरगी आपल्याला फाडून खाईल, अशी त्यांना फार आशा होती. ती ओरडली, तर उद्याचा प्रयोग त्यांचाच होता.

दिग्दर्शिका आली. दोन हात लांबच थांबली आणि मान खाली घालून अदबीने म्हणाली, "सरकार, आपली गाडी दाराशी लावली आहे."