घरगाडीतला पलंग

ऑर्विलनं गव्हाची जमीन विकली आणि त्याच वसंतात घरगाडी घेतली. पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं चाकावर. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या सपाट रानात जन्म काढलेल्या माणसाला डोंगर बघायचे होते आणि पार अलास्काच्या हद्दीत समुद्रात उतरणारी एक हिमनदी. व्हर्नाची ना नव्हती. नवऱ्याला इतकं खुशीत तिनं कधी पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी तो गाडीची पुढची काच पुसायचा, लेकराचं तोंड पुसावं तशी.

उत्तरेकडं युकॉन प्रांताच्या अलीकडे वस्ती विरळ झाली, मोबाइल मुका झाला, घोड्याएवढ्या मूस हरणांपासून जपा अशा पाट्या लागल्या. रस्त्याचं काम निघालं होतं, डांबर संपून खडी लागली. तिथंच एका वळणावर एक बाई दोन्ही हात वर करून रस्त्यात उभी दिसली. मागे चरात पिकअप उलटलेली.

"मूस आडवा आला," बाई म्हणाली. "मूस गेला पळून. माझा भाऊ मात्र उठत नाही."

बाईचं नाव लिओना, तिच्या म्हाताऱ्या भावाचं अल्फान्स. तिथल्या मूळच्या कास्का लोकांपैकी, पुढच्याच गावचे. तिघांनी मिळून म्हाताऱ्याला आत आणलं, पलंगावर निजवलं. रक्त कुठं दिसत नव्हतं, पण पोट फळीसारखं कडक झालं होतं. व्हर्ना उशाशी बसली.

म्हाताऱ्यानं छताकडे, पडद्यांकडे नजर फिरवली. "घर पाठीवर घेऊन फिरता होय? मग तिकडं घरी कोण?"

"कुणी नाही."

"मग चोरांची चंगळ आहे की!" तो हसला आणि लगेच कळवळला.

गाडी हळूहळू चालली होती. कपाटात कपबशा किणकिणत होत्या. लिओना पुढे जाऊन म्हणाली, "अहो दादा, जरा जोरात घ्या ना."

"खडी आहे बाई. उडून काच जाईल. एवढी मोठी गाडी घसरली तर सगळेच मरू."

"गावात नर्स आहे. तिच्या हातात पडला तर काहीतरी करेल."

"नेतोय ना मी!"

व्हर्नाला बोलायचं होतं. पण पन्नास वर्षांत तिनं त्याच्या गाडी चालवण्यावर कधी तोंड उघडलं नव्हतं, आताही उघडलं नाही. अल्फान्सचा हात तिच्या हातात गार पडत गेला. शेवटी तो त्यांच्या भाषेत काही पुटपुटला. लिओनानं वाकून ऐकलं, हातानं त्याचे डोळे मिटवले आणि म्हणाली, "आता सावकाश चालवलंत तरी चालेल."

गावात नर्सनं तपासलं. व्हर्नानं तिला बाजूला घेऊन विचारलं, "लवकर आलो असतो तर?"

"पोटात रक्त साठलं होतं. मी नाही सांगू शकत," नर्स म्हणाली.

गाडीचं दार अरुंद. माणसांनी अल्फान्सला चादरीत गुंडाळून तिरपा करून काढला. कुणी ऑर्विलला दोष दिला नाही. उलट सगळ्यांनी त्याचा हात हातात घेतला, मूसच्या मांसाचं गरम सूप पुढं ठेवलं. लिओना म्हणाली, "मातीला थांबा. शेवटी तुम्हीच होता त्याच्यापाशी."

व्हर्ना हे सांगायला बाहेर आली, तर ऑर्विल गादी फरफटत कचऱ्याकडे नेत होता. "थांबून काय करायचं? आपला कोण लागतो तो?"

"आपल्या पलंगावर गेला तो, ऑर्विल."

"म्हणूनच म्हणतो, निघू. हवा बिघडली की हिमनदी दिसायची नाही."

"तू काच जपत बसलास."

त्याच्या हातातून गादी सुटली. "आणि गाडी उलटली असती तर? बोल की! तेव्हा का नाही बोललीस?"

गाडीत जाऊन तिनं आपली बॅग खाली उतरवली.

तो एकटाच पुढे गेला. व्हर्ना लिओनाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली, रात्री बायकांबरोबर प्रेताजवळ जागली. माती देताना तिला कुणीतरी फावडं दिलं, तेव्हा तिनंही माती लोटली. तिला रडू आलं नाही. नुसती लाज वाटत होती.

ऑर्विल परत आला तो नवी गादी टाकूनच. "हिमनदी निळी होती गं. अगदी आतपर्यंत निळी," एवढंच म्हणाला. परतीच्या वाटेवर डोंगर मोकळे होते, ऊन लख्ख होतं. दोन-तीनदा त्यानं गाडी थांबवली, खाली उतरून तिची वाट पाहिली. ती जागची हलली नाही. रात्री तो पलंगावर झोपे, ती पुढच्या खुर्चीत.

घरी पोचल्यावर तिनं बॅग उघडलीच नाही. तशीच रेजायना शहरात बहिणीकडे गेली, ती हिवाळा संपला तरी तिथंच राहिली.