बिशपची रिकामी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी ओकची खुर्ची आहे. ऑल्डरविकच्या मोठ्या चर्चमध्ये बिशपसाठी मला घडवलं. माझ्यावर त्याच्याशिवाय कुणी बसायचं नाही. पण जिवाच्या भीतीने पळून आलेल्या माणसाने मला धरलं, तर राजाच्या शिपायांनीही त्याला हात लावायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज.

बसायला मात्र बिशप हवा ना! आमचा अ‍ॅमिस मूळचा राजाचा कारकून, कामाला वाघ. राजाने खूश होऊन त्याला इथली गादी दिली आणि दरबारच्या कारभारासाठी स्वतःची शिक्क्याची मोहरही त्याच्याच गळ्यात अडकवली. पहिल्या दिवशी तो माझ्यावर बसला, आणि मग दरबारात गेला तो गेलाच. झाडलोट करणारी म्हातारी मॉड मला पुसताना म्हणायची, "तुझा धनी म्हणजे शेंडेनक्षत्र. दिसला तर दिसला." ते मला फार लागायचं.

एका हिवाळ्यात हॉब नावाचा मेंढपाळ धापा टाकत आला आणि मला बिलगला. राजाचे शिपाई त्याच्या मेंढ्या हाकून नेत होते. त्याने अडवलं, झटापटीत एक शिपाई दगावला. बाकीचे दाराशीच थांबले. राजा भडकला. खुर्ची बिशपची, तर बिशपनेच त्याला उठवून शिपायांच्या ताब्यात द्यावं, असा हुकूम सुटला.

अ‍ॅमिस आला, चिखलाने माखलेला. शिपायांचा नाईक म्हणाला, "बिशपसाहेब, तुम्ही नुसतं 'ऊठ' म्हणा. पुढचं आम्ही बघतो."

हॉबची बोटं माझ्या लाकडात रुतली होती. तेवढ्यात मॉड पुढे झाली. "साहेब, इतक्या वर्षांत ही खुर्ची कुणाच्या कामी आली ती आत्ताच. तेवढं तरी राहू द्या."

अ‍ॅमिस हॉबच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग त्याने गळ्यातली मोहर काढून नाइकाच्या हातावर ठेवली. "ही राजाची, त्यांना द्या. खुर्ची माझी आहे. हा उठणार नाही."

"आयुष्यभराची चाकरी पाण्यात घालताय, साहेब."

"घालतो," अ‍ॅमिस म्हणाला.

पुढे रिवाजाप्रमाणे, शिक्षेच्या बदल्यात, हॉबने देश सोडायची शपथ घेतली. वाटेत कुणी घात करू नये म्हणून अ‍ॅमिस बंदरापर्यंत त्याच्यासोबत चालत गेला. दरबाराचं बोलावणं त्याला पुन्हा आलं नाही. मरेपर्यंत तो रोज माझ्यावर बसला, गाऱ्हाणी ऐकली, प्रार्थनेत घोरलासुद्धा. किती सुखाचे दिवस होते ते!

आताचा बिशप पुन्हा राजाकडेच असतो आणि माझ्यावर धूळ साचते. मित्रांनो, मला पुसत जा. पाय डगमगला तर ठोकून घ्या. बिशप येवो न येवो, धावत येणाऱ्याला धरायला माझा हात जागेवर हवा.