मागच्या सीटवरचं बोलणं

चौकातल्या वळणावर गाणं पुन्हा बारीक झालं. आपोआप. काटेवाल्याने मोटरसायकलच्या पडद्याकडे जळजळीत नजर टाकली. आवाजाची पट्टी होती तिथेच होती, आणि तरी हेल्मेटमधली गायिका, कुणी तोंडावर हात ठेवावा तशी, दबून गात होती. दहा-बारा सेकंदांनी ती पुन्हा मोकळी झाली. मागे बायको पर्स मांडीवर घेऊन गप्प बसली होती. निदान त्याला तसं वाटत होतं.

वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. सगळे दुकानदार त्याला काटेवाले म्हणत, खरं नाव विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. पाच ग्रॅमचा फरक कुठून येतो हे शोधायला तो दिवसभर डोकेफोड करी, जेवण विसरे. अशा माणसाच्या कानाशी रोज एक बिघाड वाजत होता आणि सापडत नव्हता, म्हणजे झोप उडायचीच.

मोटरसायकल खरं तर मेहुण्याची. पन्नाशीत त्याला लांबलांब फिरायची हौस आली आणि त्याने हे धूड घेतलं. समोर पडदा, पडद्यावर नकाशा, गाणी, फोन, दोन्ही हेल्मेटांत स्पीकर आणि माइक. तिसऱ्या महिन्यात त्याच्या कमरेने दगा दिला. "भाऊजी, परक्याला द्यायला जीव होत नाही हो," म्हणत त्याने ती पडत्या भावात यांच्या गळ्यात मारली. वर बहिणीला शिकवून गेला, "ताई, भाऊजींशी बोलायचं असलं की कानाजवळचं हे बटण दाब. दाबलं नाहीस तर काही ऐकू जात नाही."

ताई ते बटण दोनच कारणांसाठी दाबायची. "अहो, हळू," आणि "अहो, खड्डा!"

जुन्या गाडीवर तर एवढंही नव्हतं. ती मागून वाऱ्यात काहीतरी पुटपुटायची, हा अंदाजाने "हं" म्हणायचा. संसाराला तीस वर्षं झाली होती आणि घरातही गाडी साधारण तशीच चालली होती. भांडण म्हणाल तर नाही. बोलणं म्हणाल तर तेही नाही.

रस्ता सांगणाऱ्या बाईशी मात्र बायकोचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. "बावीस वर्षं जातेय मी या रस्त्याने, आणि ही बया मला सांगते दोनशे मीटरवर डावीकडे वळा! हिला गप्प करा ना."

"राहू दे गं. किती शांतपणे सांगते बघ. कितीदा चुकलं तरी वैतागत नाही."

"तिला तुमचे कपडे धुवावे लागत नाहीत म्हणून!"

बिघाड शोधायला तो रविवारी एकटाच फिरून आला. गाणं एकदम स्वच्छ. सोमवारी बायको बसली, गाणं पुन्हा दबलं. मग त्याच्या काटेवाल्या डोक्यात प्रकाश पडला. वजन! मागे भार पडला की कुठली तरी वायर दाबली जात असणार. "अगं, तुझं वजन किती?" त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं.

"कशाला हवंय?"

तिच्या नजरेला घाबरून त्याने अंदाजाने काम भागवलं. दुकानातली वीस-वीस किलोची तीन वजनं मागच्या सीटवर बांधली आणि शहराला एक चक्कर मारली. बघणारे हसले. गाणं एकदाही दबलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने गाणंच बंद केलं, म्हटलं बघू तरी मागे काय राहतं. आणि कानात अगदी जवळून आवाज आला, "...लावलं का मी कुलूप? लावलं. हो हो, लावलं. किल्ली पर्समध्ये आहे. आणि तू बस असाच ताठ. दाढी नीट केली नाहीस आज, कानामागे राहिलीय."

घरात तिने त्याला कधी 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. सिग्नलला थांबल्यावर त्याने पडद्यावर चाळवाचाळव केली. मागच्या हेल्मेटचा माइक 'सतत चालू' असा लावलेला होता. कधीतरी हातमोज्याच्या बोटाने चुकून लागला असणार. ती बोलली की यंत्र तिच्यासाठी गाणं बाजूला सारत होतं. बिघाड कशातच नव्हता, दबलेल्या गाण्याखाली तिचं पुटपुटणं त्याला आजवर कळलं नव्हतं एवढंच.

तो तिला लगेच सांगणारच होता. पण त्या दिवशी तिने पुढे त्याच्या बहिणीची हुबेहूब नक्कल केली आणि त्याला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यावर नेलं. बटण दाबून तिने विचारलं, "अहो, बरं वाटत नाही का?"

"धूळ," तो म्हणाला.

मग सांगणं राहूनच गेलं. गाणं तो आता एवढं हळू लावायचा की ते दबलं की तिचं बोलणं स्पष्ट यावं. ती शिवणकाम शिकवणाऱ्या केंद्रात शिकवायची. कुणा मुलीने बाही उलटी जोडली, कुणाचं लग्न ठरलं आणि शिकणं सुटलं, ते सगळं तिने त्याच्या पाठीला सांगितलं. एकदा गुणगुणली. एकदा नुसतीच म्हणाली, "आज ढग छान आहेत, वर बघ ना जरा." त्याने वर बघितलं आणि समोरची रिक्षा थोडक्यात वाचली.

पुढे त्याने पडद्यावर 'लांबचा मार्ग' निवडायला सुरुवात केली. बावीस मिनिटांचा रस्ता पस्तीस मिनिटांवर गेला. "ही बया रोज नवा रस्ता काढते. बिघडलीय," बायको म्हणाली.

"शिकतेय अजून," तो म्हणाला. आयुष्यात कुणाला एका ग्रॅमने फसवलं नव्हतं त्याने, आणि इथे बायकोचे शब्द रोज चोरून नेत होता. ते त्याला टोचायचं. पण आवडायचंही, आणि टोचण्यापेक्षा जास्त आवडायचं.

असे दोन महिने गेले. मग एका मंगळवारी तिचा आवाज वेगळा आला.

"बोलावलंय मला. डोंगरावरच्या नव्या केंद्रात, मुख्य म्हणून. चाळीस मशीनं आहेत म्हणे. तीन वर्षं." गाणं मोकळं झालं, पुन्हा दबलं. "शुक्रवारपर्यंत कळवायचंय. नाही म्हणून टाकते. तू इथे काय करशील एकटा? रोज दूध उतू घालवशील. पण एकदा, एकदाच कुणी विचारलं असतं, बाई गं, तुला काय हवंय? तर सांगितलं असतं."

'कुणी' म्हणजे कोण, हे कळायला त्याला पडदा लागला नाही.

संध्याकाळी त्याने विचारून पाहिलं. "केंद्रावर काही विशेष?"

"काही नाही. का?"

"सहज."

"तुम्ही सहज कधीपासून विचारायला लागलात?" म्हणून ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

त्याने सांगितलं तर ती मागच्या सीटवर पुन्हा तोंड उघडणार नव्हती. नाही सांगितलं तर शुक्रवारी ती नाही म्हणणार होती. बुधवार गेला, गुरुवार गेला. दोन्ही दिवस त्याने सर्वात लांबचा मार्ग लावला आणि कान देऊन ऐकत राहिला.

शुक्रवारी सकाळी पेट्रोल पंपावर हवा भरायच्या जागी त्याने गाडी थांबवली आणि हेल्मेट काढलं. "अगं, मला ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"तू मागे बोलतेस ते. बटण न दाबता. सगळं."

ती आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला. "केव्हापासून?"

"दोन महिने झाले."

"तुमच्या बहिणीचं... ते पण?"

"ते पण."

"आणि तुम्ही गुपचूप ऐकत बसलात? चोरासारखे?"

"चोरासारखाच. मला आवडत होतं म्हणून. मला वाटायचं आपलं बोलण्यासारखं काही उरलंच नाही. आणि इथे तू..." त्याने हेल्मेट टाकीवर ठेवलं. "ते जाऊ दे. आज शुक्रवार आहे. तुला काय हवंय?"

तिने हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं आणि बस थांब्याकडे चालायला लागली. एकदाही मागे वळली नाही. हवा भरणारा माणूस नळी घेऊन उभा होता. "काका, भरायची का?" त्याने दोनदा विचारलं तेव्हा कुठे काटेवाल्याला ऐकू आलं.

संध्याकाळी पाचला तो केंद्राच्या फाटकाशी हजर होता. ती आली, हेल्मेट घातलं, बसली. घरापर्यंत गाणं एकदाही बारीक झालं नाही. एवढं सलग गाणं त्याने दोन महिन्यांत ऐकलं नव्हतं आणि ते त्याला ऐकवेना.

दारात उतरल्यावर ती म्हणाली, "हो म्हणून आलेय. एक तारखेपासून." दोन पायऱ्या चढून थांबली. "दूध उतू गेलं तर पुसून काढा. ओटा काही विरघळत नाही."

महिन्याभराने, एका शनिवारी, त्याने दुकान लवकर बंद केलं आणि पडद्यावर डोंगरावरचं गाव शोधलं. तीन तास दहा मिनिटं. या वेळी त्याने जवळचा मार्ग निवडला. घाटात नकाशा दोनदा हरवला, तेव्हा त्याने रस्त्यावरच्या माणसांना विचारलं.

केंद्राच्या व्हरांड्यात एका मुलीने त्याला अडवलं. "कोण पाहिजे?"

"मॅडम. मी त्यांचा... मिस्टर."

मुलगी गडबडली, धावत जाऊन खुर्ची घेऊन आली. तो बसला. आत मशीनं खडखडत होती, आणि त्या खडखडाटावरून एक आवाज येत होता. "सुईकडे नका बघू, कापडाकडे बघा! मागची रांग, येतंय का ऐकू?"

"हो, मॅडम!" चाळीस जणी ओरडल्या.

त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. आपल्या बायकोचा आवाज एवढा मोठा आहे, हे त्याला तीस वर्षांत माहीत नव्हतं.

"बोलावू का मॅडमना?" मुलीने विचारलं.

"नको, नको. चालू दे त्यांचं," काटेवाला म्हणाला आणि खुर्ची जरा दाराजवळ सरकवली.