निदान दारू तरी सुटली

वर्षालीनं रविराजला कुशीवर वळवलं, पाठीमागं उशी खोचली आणि ती हात धुवायला मोरीत गेली. तेवढ्यात सासूनं डाव साधला. वर्षाली परतली तेव्हा नवऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

"देहूहून आणली," कौशल्याबाई म्हणाल्या. "न्हाईतरी आता दारू सुटलीच हाय. देवाच्या नावानं पक्कं करून टाकू."

सुटली! दवाखान्यातून घरी आणल्यापासून वर्षाली हेच ऐकत होती. चाकणहून, शिफ्ट संपल्यावर, पिऊन येताना मोशीजवळ रविराजची मोटरसायकल दुभाजकावर चढली आणि त्याची मान मोडली. खांद्यांखालचं सगळं शरीर लुळं पडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण कासारवाडीचे तीन जिने चढून यायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, निदान दारू तरी सुटली. हे शुद्धीत असते तर थोडक्यात निभावलं असतं का, असं तिनं डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं. "पडले ते दारूमुळे असेल," ते म्हणाले, "पण मणक्याला किती लागलं, ते दारूवरून नाही सांगता येत." म्हणजे धड रागवायलाही जागा नाही.

"काढ ती," रविराज म्हणाला.

"असू दे की रे."

"सुटली न्हाई, आई. हात हलत न्हाईत, एवढंच. आत्ता कुणी तोंडाला लावली तर पिईन मी."

कौशल्याबाईंनी पदर तोंडात धरला. वर्षालीच्या हातातल्या टॉवेलचा पिळून पिळून दोर झाला. लग्न झाल्यापासून तिनं एकच ऐकलं होतं, कालपासून बंद. आईची शपथ बंद, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून बंद. आणि एवढं होऊन बसल्यावर आता हे. तिनं टॉवेल खाटेच्या कठड्यावर आपटला. मग दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे मानेखाली हात घालून त्याचं डोकं अलगद उचललं, माळ काढली आणि सासूच्या हातात ठेवली.

"तूबी त्याच्यातलीच," म्हणत कौशल्याबाई तणतणत गॅलरीत गेल्या.

आता शिव्या येणार म्हणून रविराज डोळे मिटून पडून राहिला. वर्षालीनं स्टूल ओढलं.

"असं खरं आजवर कधी बोलला नव्हतात," ती म्हणाली. "आणखी काय काय खोटं सांगितलंत मला?"

त्यानं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं.

"बस मग नीट," तो म्हणाला. "येळ लागंल."