माझं पाणी जोरात आलं तेव्हा

मित्रांनो, कराडजवळच्या मलकापूरच्या पुढे कोयनेच्या काठी एक गाव आहे. तिथल्या साळूबाईंच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून चार हात लांब, घडवंचीवर बसलेला अ‍ॅल्युमिनियमचा जुना फिल्टर म्हणजे मी. अंगावर दोन-तीन पोचे आहेत आणि झाकणाची मूठ सैल झाली आहे. तरी काम अजून चालू आहे.

मी म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन भांडी. वरच्या भांड्यात भाजलेल्या पांढऱ्या मातीच्या दोन पोकळ कांड्या उभ्या असतात. दुकानदार त्यांना कँडल म्हणतात, साळूबाई कांडीच म्हणतात. वर ओतलेलं पाणी त्या मातीतून थेंबाथेंबानं आत झिरपतं आणि कांडीच्या बुडाच्या नळीतून खाली उतरतं. गाळ आणि रोगाचे जंतू बाहेर अडकतात, खाली स्वच्छ पाणी साठतं. हे काम सावकाशच होतं. घाईनं ते करताच येत नाही.

१९७४ च्या उन्हाळ्यात साळूबाईंचे यजमान, हवालदार मानसिंग, सुट्टीवर आले. त्यांनी मला सांगलीच्या एका भांड्यांच्या दुकानातून विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर घेऊन घरी आणलं. घरी त्यांचे वडील आकाराम ओसरीवर बसले होते.

"ह्ये काय आणलंस रं?" त्यांनी विचारलं.

"पाणी गाळायचं हाय, आबा. पलटणीत आमी ह्याचंच पाणी पितो. आता नदीचं तसंच प्यायचं न्हाई."

"जलमभर नदीचंच प्यालो की," आकाराम म्हणाले. पण मुलानं इतक्या लांबून आणलं म्हणून जास्त बोलले नाहीत.

मानसिंग परत पलटणीत गेले आणि माझी सगळी जबाबदारी साळूबाईंवर आली. त्या फार शिकलेल्या नव्हत्या, पण कुठलीही वस्तू उघडून बघायची त्यांना सवय होती. एकदा खालचं भांडं भरलेलं असूनही तोटीतून पाणी येईना. त्यांनी वरचं भांडं जरा उचललं, तशी आत हवा शिरली आणि पाणी वाहू लागलं. मग तोटी गळायला लागली. त्यांनी ती काढली, आतली कडक झालेली रबरी चकती बघितली, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबमधून तेवढीच चकती कापून बसवली. गळती थांबली. त्या दिवशी मला वाटलं, आपण चांगल्या घरात पडलो.

पावसाळ्यात कोयनेचं पाणी तांबडं झालं आणि खरी अडचण सुरू झाली. कांड्यांवर मातीचा थर बसला. रात्रभरात तांब्याभर पाणीसुद्धा खाली येईना. आकाराम शेतातून दमून यायचे, पेला तोटीखाली धरायचे आणि वैतागायचे.

"ह्येच्या नादानं तहानंनं मरायची पाळी आली," ते म्हणायचे आणि हंड्यातलं पाणी पिऊन मोकळे व्हायचे.

साळूबाईंनी कुणाकडून तरी मानसिंगना पत्र लिहून घेतलं. उत्तर आलं, की दर आठवड्याला कांड्या काढून नुसत्या पाण्याखाली मऊ ब्रशनं घासायच्या. राख, साबण लावायचा नाही. त्यांनी तसं केलं आणि माझा श्वास मोकळा झाला. तरी माझी चाल सावकाशच राहिली आणि आकारामांची कुरकुरही.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात एका सकाळी साळूबाई परसातल्या दगडावर कांडी धूत होत्या. हात ओला होता. कांडी निसटली आणि दगडावर आपटली. त्यांनी ती उचलून फिरवून पाहिली. कुठे कपची उडालेली दिसली नाही. त्यांनी ती परत माझ्यात बसवली. पण कांडीच्या बुडाजवळ केसासारखी बारीक चीर गेली होती. मला ती कळत होती, सांगता मात्र येत नव्हती.

त्या दिवसापासून माझं पाणी भराभर येऊ लागलं. वर हंडा ओतला की तासाभरात खालचं भांडं भरायचं. आकाराम खूश झाले. आल्या-गेल्याला माझ्याजवळ घेऊन यायचे.

"आता कसा चालतोय बघा," ते म्हणायचे. "सूनबाईनं धुऊन धुऊन लय चांगला केला."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक मला तेव्हा मिळालं, आणि त्याच दिवसांत मी रोज त्यांच्या पेल्यात गढूळ नदीतले जंतू ओतत होतो. पाणी दिसायला बरंच निवळ होतं, म्हणून कुणाला संशय आला नाही. आकारामांनी तर हंड्याचं पाणी सोडून दिलं. ते माझ्यावर विसंबले होते.

तीन आठवड्यांनी त्यांना जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. साळूबाईंचंही पोट बिघडलं, पण त्या निभावल्या. आकारामांना बैलगाडीतून कराडच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्यांना पाच दिवस सलाईन लावलं होतं. परत आले तेव्हा धरून चालवावं लागत होतं.

शेजारच्या बनाबाई बघायला आल्या. "आमी फिल्टर वापरत न्हाई, आमाला काय झालं का?" त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी मला माळ्यावर टाकलं. माझ्या पोटात भुईमुगाच्या शेंगा भरल्या. त्या अंधारात मला राग कुणाचाच आला नाही. दोष माझ्यातच होता. आपल्याला निदान कुणी उघडून बघावं, एवढंच वाटायचं.

आठवड्याभरानं आरोग्य उपकेंद्राच्या नर्स अनसूयाबाई घरोघरी फिरत आल्या. त्या मूळच्या सांगलीच्या. गावात आणखी चार जणांना तोच त्रास झाला होता. त्यांनी आकारामांना तपासलं आणि विचारलं, "आबा, तुम्ही पाणी कुठलं पीत होता?"

"फिल्टरचंच की, बाई."

"मग मला तो फिल्टर दाखवा."

साळूबाईंनी मला खाली उतरवलं, शेंगा काढल्या. अनसूयाबाईंनी दोन्ही कांड्या पाण्यात भिजवल्या. मग बादलीत एक कांडी बुडवून तिच्या नळीतून तोंडानं फुंकर मारली. काही झालं नाही. दुसरी बुडवून फुंकली, तेव्हा बुडाजवळच्या एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ वर आली.

"ही तडकली आहे," त्या म्हणाल्या. "पाणी मातीतून न जाता या चिरेतून जात होतं. मध्येच एकदम जोरात यायला लागलं होतं का?"

साळूबाईंचा चेहरा उतरला. खाटेवर आकाराम जागेच होते. त्यांना ऐकू जाईल हे ठाऊक असूनही त्या बोलल्या.

"माझ्या हातनं पडली हुती, बाई. दगडावर. मला वाटलं, काय झालं न्हाई. मामंजींचं हाल माझ्यामुळं झालं."

मग आकाराम खाटेवरून म्हणाले, "पाणी जोरात आलं म्हणून नाचत तर मीच हुतो. तुला एकटीला कसं काय बोलू? बाई, नवी कांडी कुठं मिळंल तेवढं सांगा."

कराडहून दोन नव्या कांड्या आल्या. अनसूयाबाईंनी सांगितलं, की पावसाळ्यात आधी पाण्यात तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यायचा, मग माझ्यात ओतायचं, आणि प्यायच्या आधी उकळायचं. दर महिन्याला फुंकून कांडी तपासायची. आकारामांना हळूहळू ताकद आली. श्रावण संपता संपता ते काठी टेकत शेताच्या बांधापर्यंत जाऊन आले.

दोन महिन्यांनी अनसूयाबाईंनी शाळेत बायकांची बैठक बोलावली आणि साळूबाईंना मला घेऊन यायला सांगितलं. तोवर गावात आणखी सहा घरांत फिल्टर आले होते. चाळीसेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. साळूबाई कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या. त्यांनी माझं झाकण काढलं, कांडी बादलीत बुडवली, फुंकून दाखवली.

"पण कांडी तडकलीय ह्ये आपल्याला कळायचं कसं?" बनाबाईंनी मागून विचारलं.

"मला कळलं न्हाई," साळूबाई म्हणाल्या. "माझ्याच हातनं पडली, आन् मामंजी मरता मरता वाचलं. म्हणून सांगते. हातनं पडली तर लपवू नका. फुंकून बघा."

बनाबाई उठून पुढे आल्या, बादलीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आण हिकडं. मला करून बघू दे."

त्यानंतर एकेक करून सगळ्या पुढे आल्या.

आता १९७९ साल आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर तो हळू चालतो म्हणून त्याच्यावर रागावू नका. त्याच्या कांड्या मऊ हातानं धुवा. आणि एखाद्या दिवशी त्याचं पाणी अचानक भराभर यायला लागलं, तर कौतुक करत बसू नका. त्याला सांगता येत नाही. तुम्हीच झाकण काढून बघा.